रिकाम्या चाळीचा फोटो

९ नोव्हेंबर
दुपारी दुकानात फोन. पुण्याहून. आधी ओळखलंच नाही. मग म्हणाला, "चाचा, मी बंगलीचा विक्रांत." बापूसाहेबांचा मुलगा. बापूसाहेब मागच्या वर्षी गेले, तेव्हा मी गेलो नव्हतो.
मेडशीकडची सगळी जमीन सौर प्लेटावाल्यांना देणार. जानेवारीत बंगली पाडणार. त्याआधी घरच्यांसाठी एक अल्बम हवा. "मोबाईलवर नको चाचा. खरा रोल. ब्लॅक अँड व्हाइट. अख्ख्या जिल्ह्यात तुमच्याशिवाय कोण धुतो आता रोल?"
तोंडातून हो गेलं. फोन ठेवल्यावर कळलं की हो गेलं.
फ्रीजमध्ये पाच रोल आहेत. मुदत कधीच संपली. शमीम त्यांच्यावर कोथिंबीर ठेवते. आज बाहेर काढले तर म्हणाली, "ये अब किसकी शादी है?" म्हटलं, शादी नाही. एक घर पडणार आहे.
शमीम उर्दू शाळेत शिकली, तिला मराठी वाचता येत नाही. म्हणून ही वही मराठीत. लपवण्यासारखं फार नाही माझ्याकडे. एकच गोष्ट आहे, ती बंगलीवरचीच.

११ नोव्हेंबर
रिसोड-मालेगाव एस.टी., तिथून दुसरी गाडी, मेडशीच्या फाट्यावर उतरलो. पुढे कच्चा रस्ता, पायी. ट्रायपॉड खांद्यावर. वय बासष्ट. गुडघ्यांनी वाटेतच निकाल दिला.
फाटक अर्धं उघडं, अर्धं जमिनीत. संत्र्याची बाग म्हणजे आता काड्या. आधी डिंक्या रोग लागला, मग विहिरीने तळ गाठला, मग मालक पुण्याला. झाडं ओळीत मात्र अजून तशीच. मेलेलीसुद्धा शिस्तीत उभी.
बंगलीचे पत्रे जागेवर आहेत. आत पारव्यांची घाण, चौकटीच्या फरशा, भिंतीवर फ्रेमांच्या जागी फिकट चौकोन. त्यातल्या तीन फ्रेमा माझ्या होत्या. मोठीचं लग्न, धाकटीचं लग्न, बापूसाहेब नव्या ट्रॅक्टरवर.
पॅकिंगच्या शेडमध्ये संत्र्याच्या पेट्या, वाळलेलं गवत. इंजिनाच्या खोलीत इंजिन नाही, नुसता तेलाचा काळा डाग. उजेड चांगला होता, तिरपा. बारा फोटो. लाइट मीटर मेलेलं, सगळं अंदाजाने.
बंगलीच्या मागे मजुरांची चाळ आहे. तिकडे गेलो नाही. तिकडे तोंडही केलं नाही. काही कारण नव्हतं.
कारण होतं.

१२ नोव्हेंबर
रोल धुतला. मागच्या खोलीची खिडकी बंद केली, फटीत चिंध्या कोंबल्या. हात विसरले नाहीत. निगेटिव्ह जरा पातळ, पण आहे. मेलेल्या झाडांचे फोटो सगळ्यात चांगले आले. जिवंत बाग मी कितीतरी वेळा काढली होती, एकही फोटो असा आला नव्हता.
तीन निगेटिव्हचे मोबाईलने फोटो घेतले, उलटे करून पाठवले. विक्रांतचा लगेच फोन. फार खूश. मग म्हणाला, "चाचा, मागच्या चाळीचेपण काढा. रिकामी दिसली पाहिजे. सगळी दारं यायला हवीत."
"अल्बमसाठी?"
"नाही. तिथल्या लोकांनी पुन्हा अर्ज केलाय. राहत्या जागा नावावर करा म्हणतात. आता जमीन जाणार म्हटल्यावर आठवलं त्यांना." आणि मग अगदी सहज, "बाबांच्या फायलीत चाळीचा जुना फोटो आहे. मागे तुमच्या स्टुडिओचा शिक्का आहे. तुमचाच ना?"
म्हटलं, माझाच.

१४ नोव्हेंबर
आता लिहूनच टाकतो.
अडतीस वर्षं झाली. मी चोवीसचा. दुकान उघडून सहा महिने. दिवसभर माशा.
बंगलीच्या चाळीत अकरा घरं राहत होती. दोन-दोन पिढ्या. बागेचं सगळं काम त्यांचं. त्यांनी राहत्या जागा नावावर करून मागितल्या. बापूसाहेबांचं म्हणणं, हे मजूर हंगामापुरते येतात, एरवी चाळ रिकामी असते. मला बोलावून म्हणाले, "उद्या जत्रा आहे. चाळीत कोणी नसेल. तू ये, फोटो काढ. पुढे घरातली सगळी लग्नं तुझ्याकडेच."
गेलो. सगळे जत्रेला गेले होते, एक घर सोडून. त्या घरची सून ओली बाळंतीण. दारात लेकरू घेऊन उभी. चूल पेटलेली, पत्र्यावर धूर. दोरीवर कपडे. दिवाणजी एका माणसाला दोरीवरचे कपडे काढ म्हणत होता, तेवढ्यात मी सवयीने एक फोटो घेतलाच. दिवाणजी ओरडला, "असा नको!" त्या माणसाला त्याने सगळे कपडे काढायला लावले. चुलीवर पाणी ओतलं. हंडे-कळशा मागे नेऊन ठेवल्या.
आणि बाईला सांगितलं ते दिवाणजीने नाही. मी. "बाई, जरा आत व्हा. दार ओढून घ्या." अगदी अदबीने. ती आत गेली. दार ओढून घेतलं.
तो फोटो कचेरीत लागला. मोक्यावर, जागा पाहायला, कोणी आलंच नाही. फोटो पाहिला, पुरे झालं. पुढच्या उन्हाळ्यात चाळ उठवली.
मला माहीत नव्हतं, असं मी अडतीस वर्षं म्हणत आलो. फोटो कशाला हवा हे नाही विचारलं मी. ज्याला माहीत नसतं तो विचारतो.

१८ नोव्हेंबर
आज मंगळवार. चाळीवर गेलो. म्हटलं, एकदाचं काढून टाकू. आता खरंच रिकामी आहे, आता त्यात खोटं काय.
अकरा खोल्या. चार दारं शाबूत, बाकी नुसत्या चौकटी. पत्रे गेलेले. टोकाला मरीमायचा दगड, त्यावर ताजा शेंदूर. तो पाहूनच समजायला पाहिजे होतं.
ट्रायपॉड लावला. माझा कॅमेरा वरून काचेत बघायचा, त्यात डावं उजवीकडे दिसतं. काचेत डावीकडून एक बाई आली. मान वर केली तर ती उजवीकडे होती. म्हातारी, साठीच्या पुढची, हातात खराटा. सहाव्या दारापुढे झाडायला लागली. जिथे आत काही नाही तिथला ओटा झाडत होती.
मी म्हणालो, "बाई, जरा बाजूला होता का?"
खराटा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या आवाज मले माईत हाये."
मी काचेत बघत राहिलो.
"तुमीच ना थे? फोटोवाले? तवा तुमी म्हनलं, आत व्हा, दार ओढून घ्या. मी ओली बाळंतीन. मले वाटलं, चांगल्या घरचा मानूस हाये, बाईमानसाचा फोटो काढत नाई."
मी ट्रायपॉडचा स्क्रू घट्ट केला.
"मंग कचेरीत माह्या सासऱ्याले थो फोटो दाखोला. म्हने, पाहा, कोठी हाये मानूस? सासरा म्हने, साहेब, या सहाव्या दाराच्या मांगं माही सून हाये, नात हाये. सगळे हासले त्याले."
नाव कौसल्याबाई. मेडशीत राहते, लेकीजवळ. दर मंगळवारी मरीमायला येते आणि आपला ओटा झाडून जाते. हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा एकेका शब्दात सांगितलं.
मग तिने विचारलं, "तुमाले माईत होतं का भाऊ, फोटो कायले पायजे थो?"
"नव्हतं," म्हणालो.
बासष्ट वर्षांचा माणूस मी. मरीमायच्या दगडासमोर, दिवसाढवळ्या.
तिने मान हलवली आणि पुन्हा झाडायला लागली. तिच्यासकट पाच फोटो काढले. विक्रांतला माणूस नको होता.

१९ नोव्हेंबर
कालचा रोल धुतला. बिघडला. कडेने धुकं चढलंय, मुदत संपलेल्या रोलचं हेच. चाळ जेमतेम आहे. कौसल्याबाई आहे, पण खालचा अर्धा भाग विरघळल्यासारखा.
विक्रांतला कळवलं, रोल खराब निघाला. म्हणाला, काही हरकत नाही, पुन्हा काढा.

२१ नोव्हेंबर
दुकानाच्या माळ्यावर बिस्किटाचे तेवीस पत्र्याचे डबे. त्यात तीस वर्षांच्या निगेटिव्ह. लोकांची लग्नं, मुंज, सुंता, पहिला वाढदिवस, प्रेतं. मी कधी काही फेकलं नाही. शमीम म्हणते, कंजूष. खरं म्हणजे भीती.
चौदाव्या डब्यात लिफाफा. माझंच अक्षर: बंगली, चाळ. तीन फोटोंची पट्टी.
खिडकीच्या उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, आकाश काळं, माणसांचे चेहरे काळे, केस पांढरे. पहिल्यात दोरीवर कपडे, एका माणसाचा हात वर, दारात बाई, कुशीत गुंडाळलेलं लेकरू, पत्र्यावर धूर. दुसऱ्यात अर्धी दोरी मोकळी, दार लागलेलं. तिसऱ्यात काही नाही. तिसरा मी बापूसाहेबांना दिला.
एकाच पट्टीवर तिन्ही. कापलेलीसुद्धा नाही. कोणीही बघितलं तर एका क्षणात कळेल काय केलं ते. अडतीस वर्षं ती डब्यात होती आणि मी तिच्या खाली बसून पासपोर्ट फोटो काढत होतो.

२४ नोव्हेंबर
विक्रांत स्वतः आला. पांढरी गाडी दुकानापुढे, अख्खा बाजार बघत होता. मिठाईचा डबा आणला. वाकून नमस्कार केला. पोरगा वाईट नाही. तोच तर त्रास आहे. वाईट असता तर सोपं होतं.
"चाचा, चाळीचे कधी?"
म्हटलं, तिथे एक बाई भेटली.
"कौसल्याबाई. माहीत आहे. तिची मुलगी संगीताच हे सगळं करून राहिलीय." मालेगावच्या शाळेत होता दोन वर्षं, वऱ्हाडी मधेच येते अजून. "लोकांना वाईट वाटतं, समजतं मला. पण तेव्हा ते आपणहून गेले. आता चाळीस वर्षांनी काय?"
मी म्हणालो, गेले नाहीत, उठवलं.
त्याने खुर्ची जवळ ओढली. मग समजुतीच्या आवाजात, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही काय केलं? फोटो काढला. फोटोत जे होतं ते आलं."
हेच वाक्य मी स्वतःला म्हणत आलोय, शब्दाला शब्द. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. किती घाण वाक्य आहे.
जाताना म्हणाला, "जुन्या निगेटिव्ह असतील बंगलीच्या तर सगळ्या द्या. अल्बमला लागतील." म्हटलं, शोधतो.
मिठाईचा डबा उघडलाच नाही.

२६ नोव्हेंबर
शमीमला सांगितलं. सकाळी, ती चहा गाळत होती तेव्हा. सगळं सांगितलं, पट्टी दाखवली.
वाटलं होतं म्हणेल, पडू नका यात. गिऱ्हाइकं जातील, लोक बोलतील. ती तसलं काही म्हणाली नाही. पट्टी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितली.
"सगाई में संतरे आए थे ना, पेटी भरके? बंगली से?"
"हां."
"वो इसके थे?"
मी मान हलवली.
"मैंने खाए वो संतरे. मोहल्ले में बांटे. सबको बोली, देखो, मेरे होने वाले की कितनी इज्जत है."
पट्टी परत दिली आणि चहाचं भांडं घासायला बसली. चहा कोणी घेतलाच नव्हता अजून. नंतर एकदाच म्हणाली, "तुम मेरे को कभी बोले नहीं." दिवसभर मग एक शब्द नाही.

२८ नोव्हेंबर
पासपोर्ट सात. एक आधारचं लॅमिनेशन. शमीम अजून बोलत नाही.

२ डिसेंबर
पट्टीतल्या पहिल्या फोटोची मोठी प्रिंट केली. एन्लार्जर चार वर्षांनी लावला. कागद ट्रेमध्ये टाकला, आधी धूर आला, मग कपडे, मग ती. बावीस-तेवीस वर्षांची, डोक्याला फडकं, थकलेली आणि जरा हसणारी. माझ्याकडे बघून हसत होती. कारण मी फोटो काढत होतो आणि तोवर तिला आत जायला सांगितलं नव्हतं.
प्रिंट सुकवून मेडशीला गेलो. घर रस्त्याच्या पलीकडे, दोन खोल्या, पुढे तुरीच्या काड्यांचं कुंपण. संगीता अंगणवाडीतून नुकतीच आली होती. अडतीसची. प्रिंटमध्ये गुंडाळलेलं लेकरू ते हीच.
कौसल्याबाईने प्रिंट हातात घेतली. डोळ्यांपासून लांब धरली. मला वाटलं स्वतःकडे बघतेय. ती स्वतःकडे बघतच नव्हती. बोट दुसरीकडे गेलं, दोरीजवळच्या माणसावर.
"संगे. इकडं ये. इकडं ये लौकर."
"काय व?"
"ह्या तुहा बाप."
मला माहीत नव्हतं. हे मात्र खरंच माहीत नव्हतं. दिवाणजीने ज्याला कपडे काढायला लावलं तो तिचा नवरा, नामदेव. बायको बाळंतीण म्हणून जत्रेला गेला नव्हता. चाळ उठल्यावर वीटभट्टीवर गेला, तिथे दोन वर्षांत ताप येऊन मेला. त्याचा एकही फोटो घरात नाही. संगीताला त्याचा चेहरा आठवत नाही.
संगीता प्रिंट घेऊन दारात उजेडात गेली. पाठ आमच्याकडे.
कौसल्याबाई म्हणाली, "तोंड उघडं हाये पाहा. कपडे ओले हायेत म्हने थो. ओले हायेत साहेब, असं म्हने. माह्या ध्यानात हाये."
मग मला, "ह्या तुमच्यापाशी होता?"
"हो."
"कोठी?"
"डब्यात. माळ्यावर."
"मी त्याचं नाक इसरली होती," ती म्हणाली. "आठोत बसो, पन येये नाई."
रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी म्हणता आलं असतं. शेवटी मीच म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही विचारलं, माहीत होतं का. मी खोटं बोललो. माहीत होतं."
"मले समजलं होतं थे," ती म्हणाली. "तुमी मरीमायकडं पाह्यलं नाई, तवाच समजलं."
संगीता दारातून वळली. डोळे लाल, आवाज साधा. "चाचा, मले फक्त एक करून द्या. लिवून द्या. कोनत्या दिवशी काढला, कोनी काढाले लावला, काय काय हटोलं. आनि पट्टी द्या. प्रिंट नाई, पट्टी."
दिली. खिशात घेऊनच गेलो होतो. देईन की नाही हे मात्र तोवर ठरवलं नव्हतं.

६ डिसेंबर
मालेगावला प्रतिज्ञापत्र. टाइपवाल्याकडे मी सांगितलं ते असं: सदर दिवशी मजूर जत्रेस गेले असताना दिवाणजींच्या सांगण्यावरून साहित्य हटवण्यात आले व एका महिलेस आत जाण्यास सांगण्यात आले.
संगीता वाचत होती. म्हणाली, "सांगन्यात आलं? कोनी सांगतलं?"
टाइपवाला बोटं वर धरून बसला.
"चाचा, कोनी सांगतलं?"
मग असं झालं: मी स्वतः त्या महिलेस आत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले.
सही केली. सहा ठिकाणी. बाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो. संगीता म्हणाली, "रस घेता का?" तिने विचारलं ते चांगुलपणाने नाही, रीत म्हणून. घेतला नाही.

१३ डिसेंबर
विक्रांतचा मेसेज. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. अल्बम राहू द्या." खाली हात जोडल्याचं चित्र.
त्याच्या मामेबहिणीचं लग्न फेब्रुवारीत होतं, माझ्याकडे होतं. आता नाही. बाजूचा कापडवाला, तीस वर्षांचा शेजारी, म्हणाला, "कायले पडले तुमी त्याच्यात? मेलेलं मढं उकरून काय भेटलं?" त्याला सांगणार होतो की मढं मीच पुरलं होतं. चहा आला, राहून गेलं.
अर्ज लागलाय. मोक्यावर चौकशी होणार, तारीख कळवतील.
शमीम बोलायला लागली. फार नाही. मीठ कमी आहे का, असं.

२० डिसेंबर
सकाळी संगीताचा फोन. "चाचा, चाळ गेली."
गेलो. काल मशीन आणून सपाट केली. साफसफाई म्हणे, प्लेटावाल्यांना जागा मोकळी करून द्यायची होती. बंगलीला अजून हात लावलेला नाही, फक्त चाळ. माती काळी, ओली, वखरल्यासारखी. मरीमायचा दगड तेवढा ठेवलाय. त्याला हात लावायची मशीनवाल्याची छाती झाली नसेल.
सवयीने कॅमेरा नेला होता. लावला. काचेत बघितलं तर आकाश आणि माती. धरायला काही नाही. एकही फोटो काढला नाही. ज्यांना रिकामी चाळ पाहिजे होती त्यांनी ती स्वतःच करून घेतली, फोटोवाला लागला नाही.
कौसल्याबाई आली नव्हती. संगीता म्हणाली, "तिले सांगतलं नाई अजून. मंगळवारी थे येईन तवा पाहीन."
मी म्हणालो, सांगायला पाहिजे. ती म्हणाली, "तुमी सांगा."
मी सांगितलं नाही. घरी आलो.

२३ डिसेंबर
मंगळवार. दिवसभर तिचाच विचार. खराटा घेऊन निघाली असेल. मेडशीला गेलो नाही. दुकान उघडं ठेवून बसलो, गिऱ्हाईक एकही नाही.
सांगायला जाता आलं असतं. लिहून ठेवतो, गेलो नाही.

९ जानेवारी
आज मोक्यावर चौकशी. अकरा वाजता म्हणाले, तहसीलचे साहेब एक वाजता आले. जीप, बरोबर तलाठी आणि शिपाई. विक्रांत होता, वकिलासह. मला पाहून मान फिरवली.
संगीताबरोबर जुन्या घरांतल्या बाया आल्या होत्या. पुरुष थोडे, बरेच पुण्या-मुंबईकडे कामाला. कौसल्याबाई सगळ्यांच्या मागे. माझ्याकडे एकदा बघितलं. त्या मंगळवारबद्दल काही बोलली नाही, मीही नाही.
साहेबांनी पट्टी बघितली. उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून. माझं प्रतिज्ञापत्र वाचलं. "हे तुम्हीच?" म्हटलं, मीच. "तेव्हा का नाही सांगितलं?" म्हटलं, सांगितलं नाही. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.
विक्रांतचा वकील म्हणाला, फोटो कुठला आहे कशावरून? इथे चाळ कुठे आहे? दाखवा.
साहेब माझ्याकडे वळले. "जागा दाखवता?"
मी पुढे झालो. आणि उभा राहिलो. सगळं सपाट. बंगली त्या बाजूला, विहीर या बाजूला, मधे कुठून काय मोजायचं? मी तिथे बारा वेळा आलो असेन, दर वेळी कॅमेऱ्यातून बघितलं. पायाखाली कधी बघितलंच नाही. म्हटलं, नेमकी सांगता येणार नाही.
वकील हसला. मोठ्याने नाही.
तेवढ्यात कौसल्याबाई पुढे आली. कोणी बोलावलं नव्हतं. मरीमायच्या दगडापासून निघाली, चपला काढून, तोंडाने काही न म्हणता पावलं टाकत. एका जागी थांबली. जरा डावीकडे सरकली. आणि खाली बसली, मातीत, मांडी घालून.
साहेब म्हणाले, "बाई, उठा. दाखवलं ना, झालं."
ती उठली नाही.
मग दुसरी एक बाई गेली, तिच्या उजव्या अंगाला थोडं अंतर सोडून बसली. तिसरी दोन घरं सोडून. एक म्हातारा काठी टेकत गेला, त्याला टोकाची जागा सापडायला वेळ लागला. बाया तिथूनच सांगत होत्या, अजून पुढं बुढेबुवा, अजून, हां, तिथं तुमची पानी भरायची टाकी होती. संगीता गेली नाही. तिला आठवणारच नाही, ती तिथून गेली तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती. माझ्या बाजूला उभी राहून बघत होती.
सात जण बसले. मधे मधे मोकळ्या जागा. पण ओळ सरळ. कोणी दोरी धरली नव्हती.
तलाठ्याने मोजलं. "सात, साहेब."
कौसल्याबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "अकरा लिवा, साहेब. चार घरची मानसं मेली. घरं कशी मरतीन?"
वकील मधेच काहीतरी बोलला, साहेबांनी हात वर केला. विक्रांत मोबाईल बघत होता, मग बघायचा थांबला. साहेबांनी त्या ओळीवरून नजर फिरवली. पेन काढलं, मांडीवर फाईल ठेवली, लिहिलं. किती लिहिलं ते मला दिसलं नाही.
तारीख कळवू म्हणाले. जीप गेली. माझी गाडी साडेचारची होती, निघालो. कच्च्या रस्त्याला लागताना वळून बघितलं तर ते अजून तिथेच बसलेले.